बागकाम, फळझाडं आणि भाजीपाल्याची पुस्तकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अगदी नवखा आहे. पहिलं पुस्तक कोणतं घेऊ?

तुमच्या पावसात बाग केलेल्या माणसानं लिहिलेलं. नाव, छपाई, रंगीत चित्रं हे सगळं नंतर बघा. दापोलीला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि माण-खटावात तो जेमतेम पाचशेच्या घरात असतो. जांभ्या दगडाची माती आंबट, सोलापूरकडची काळी माती चुनखडीची. वांग्याच्या रोपाला या दोन ठिकाणी एकच सल्ला कसा लागू पडेल?

दुकानात पुस्तक हातात घेतलं की आधी लेखकानं बाग कुठे केली ते शोधा. मग पेरणीचं वेळापत्रक उघडा. त्यात खरीप, रब्बी आणि उन्हाळी असे तीन हंगाम वेगवेगळे दिले आहेत का? वाणांची नावं दिली आहेत का, की नुसतं ‘चांगलं बियाणं वापरावं’ एवढंच आहे? रोग-किडींचे फोटो आहेत का? या तिन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तर पुस्तक काळं-पांढरं आणि साध्या कागदावरचं असलं तरी घ्या.

कृषी विद्यापीठांची पुस्तकं शेतकऱ्यांसाठी असतात. बाल्कनीत दहा कुंड्या असलेल्याला त्यांचा काय उपयोग?

खूप. माझ्या मते घरगुती बागायतदारांनी सगळ्यात जास्त दुर्लक्ष केलेला खजिना हाच. राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत: राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. राहुरीची ‘कृषिदर्शनी’, अकोल्याची ‘कृषि संवादिनी’ अशी वार्षिक प्रकाशनं निघतात. त्यांत पिकं, वाणं, लागवडीच्या तारखा, खतं आणि कीडरोग हे सगळं आपल्या मातीत घेतलेल्या चाचण्यांवरून लिहिलेलं असतं. किंमतही परवडणारी असते.

अडचण एकच: सगळे आकडे हेक्टरी किंवा एकरी दिलेले असतात. ते वाफ्यावर उतरवायला सोपं गणित आहे. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. म्हणून हेक्टरी २० टन शेणखत म्हणजे चौरस मीटरला २ किलो. हेक्टरी १०० किलो म्हणजे चौरस मीटरला १० ग्रॅम. एकरी आकडा असेल तर एक क्विंटल म्हणजे गुंठ्याला अडीच किलो आणि चौरस मीटरला साधारण २५ ग्रॅम. हे चार आकडे पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहून ठेवा, मग विद्यापीठाचं कोणतंही पुस्तक तुमच्या वाफ्याचं होतं.

एक सावधगिरी: रासायनिक खतांचे आकडे वाचताना ‘नत्र (नायट्रोजन) १०० किलो’ आणि ‘युरिया १०० किलो’ यांत गल्लत करू नका. युरियात नत्र ४६ टक्के असतं, म्हणजे १०० किलो नत्रासाठी सुमारे २१७ किलो युरिया लागतो. शिवाय ही मात्रा बहुधा हप्त्यांनी द्यायची असते, एकदम नाही.

इंग्रजी पुस्तकं फार सुंदर असतात. ती घ्यावीत की नाही?

घ्या, पण वेळापत्रकासाठी नको. रोप कसं वाढतं, मुळं काय करतात, कंपोस्टमध्ये काय घडतं, छाटणीनंतर झाड कुठून फुटतं, हे त्या पुस्तकांत फार सुरेख समजावलेलं असतं. ‘कधी’ आणि ‘किती’ या दोन प्रश्नांची उत्तरं मात्र तिथून उचलायची नाहीत.

याची कारणं समजून घेतली तर पुस्तक वाया जात नाही. ब्रिटन किंवा उत्तर अमेरिकेतलं सारं वेळापत्रक हिवाळ्यातल्या शेवटच्या हिमापासून मोजलेलं असतं. आपलं वर्ष पावसापासून मोजतात. तिकडे मार्चमध्ये सुरू होणारा कोबी, फुलकोबी, गाजर, वाटाणा आपल्याकडे पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या आसपास येतो. तिकडे ‘भरपूर ऊन हवं’ असं लिहिलेल्या रोपाला आपल्या एप्रिलमध्ये दुपारची सावली धरावी लागते.

दिशांचंही तसंच. तिकडची पुस्तकं वर्षभर दक्षिणेच्या भिंतीचं कौतुक करतात. आपल्याकडे हिवाळ्यात ते खरं आहे. डिसेंबरात दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन आतवर येतं, म्हणून रब्बीच्या पालेभाज्यांना ती जागा उत्तम. पण मुंबईत मेच्या मध्याला सूर्य बरोबर माथ्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. त्यानंतर जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. दक्षिणेच्या बाल्कनीवर वरच्या मजल्याचा स्लॅब असेल तर त्या काळात तिथे थेट ऊन जवळजवळ येतच नाही. मिरची अचानक रोडावली की लोक खताला दोष देतात.

कांद्याचं उदाहरण तर प्रत्येकानं लक्षात ठेवावं. थंड देशांतल्या पुस्तकांत ज्या कांद्यांचे फोटो असतात, त्यांपैकी बहुतेकांना गड्डा धरायला चौदा-सोळा तासांचा दिवस लागतो. महाराष्ट्रात वर्षातला सगळ्यात मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपास भरतो. ते बियाणं मागवून लावलं तर पात हिरवीगार येते आणि खाली काहीच मिळत नाही. आपल्याकडे खरिपाला बसवंत ७८०, रब्बीला एन-२-४-१ अशी कमी दिवसमानात पोसणारी वाणं आहेत, आणि ती सांगायला इथलंच पुस्तक लागतं.

मातीच्या बाबतीत आणखी एक. ‘दरवर्षी थोडा चुना टाका’ असा सल्ला तिकडे सर्रास दिसतो, कारण पावसानं तिथली माती आंबट होते. कोकणात तो कदाचित चालेल. देशावरच्या चुनखडीच्या जमिनीत चुना म्हणजे झाडाला लोह मिळण्याची वाट बंद करणं. लिंबाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागतात ते बहुतेकदा यामुळेच.

फळझाडांसाठी वेगळं पुस्तक हवं का?

हवंच. भाजीचं पुस्तक तीन-चार महिन्यांचा विचार करतं, फळझाडाचं पुस्तक पंचवीस वर्षांचा. पण त्याहून मोठं कारण म्हणजे बहार.

डाळिंब, पेरू, लिंबू, संत्रं, मोसंबी ही झाडं आपल्या हवेत वर्षातून दोन-तीनदा फुलू शकतात. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबे बहार, जून-जुलैत मृग बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त बहार. तिन्ही बहारांची फळं घ्यायला गेलं तर झाड थकतं आणि एकाही वेळेला धड फळ मिळत नाही. म्हणून बहार धरतात. म्हणजे पाणी तोडायचं, झाडाला ताण द्यायचा, हलक्या जमिनीत महिनाभर, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने. पानं पिवळी पडून गळू लागतात. मग हलकी छाटणी, आळं खणून खत, आणि आधी थोडं, मग पुरतं पाणी. झाड फुलानं भरून येतं.

थंड देशातल्या पुस्तकात हे प्रकरणच नसतं, कारण तिथे हिवाळा स्वतःच झाडाला विश्रांती देतो. इथे ती माळ्याला द्यावी लागते. ‘आमचं लिंबाचं झाड एवढं मोठं झालं, पण लिंबं लागत नाहीत’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. त्या झाडाकडे गेलं तर बहुतेक वेळा ते न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेलं असतं. बारा महिने पाणी, बारा महिने पालवी. त्याला खत नको, ताण हवा.

पेरूचा मृग बहार धरला तर फळ थंडीत येतं, गोडी चांगली उतरते आणि पावसाळी पेरूला सतावणाऱ्या फळमाशीचा त्रासही कमी होतो. फळबागेच्या पुस्तकात बहाराचं प्रकरण दोन ओळींत उरकलेलं दिसलं तर ते पुस्तक मी परत ठेवते.

एका पुस्तकात आंबा दहा मीटरवर लावा म्हणतात, दुसऱ्यात पाच. खरं काय?

दोन्ही. दहा मीटरचा सल्ला मोकळं वाढू दिलेल्या झाडाचा आहे. पाच मीटरचा, किंवा त्याहून कमी अंतराचा, घन लागवडीचा आहे, आणि त्यात दरवर्षी न चुकता छाटणी गृहीत धरलेली असते. नवं अंतर आणि जुनी सवय एकत्र केली की आठ-दहा वर्षांत फांद्या एकमेकांत घुसतात आणि फळ फक्त शेंड्याला उरतं. म्हणून अंतराचा आकडा वाचला की त्याच पुस्तकात छाटणीचं पान शोधा. परसातल्या एखाद्याच झाडासाठी माझा कौल छाटणीच्या बाजूनं आहे. हाताला लागेल एवढ्या उंचीचं झाड घरच्यांना जास्त फळं खाऊ घालतं.

कलम बांधणं पुस्तकावरून शिकता येतं का?

समजतं, येत नाही. कोय कलम, भेट कलम, पाचर कलम, डोळा भरणं यांतला फरक, कोणतं कोणत्या झाडाला आणि कोणत्या महिन्यात, हे पुस्तकातून पक्कं होतं. कोकणात आंब्याचं कोय कलम पावसाळ्यात करतात, जेव्हा नुकत्या रुजलेल्या कोयीचं रोप अजून कोवळं, तांबूस पानांचं असतं. काडी तेवढ्याच जाडीची लागते. हे सगळं वाचून ठेवा आणि मग एखाद्या रोपवाटिकेत कलम बांधणाऱ्याच्या शेजारी सकाळभर बसा. चाकूचा तिरपा काप एकाच ओढीत कसा घ्यायचा ते चित्रातून कळत नाही.

गुटी कलम मात्र पुस्तक समोर ठेवून करण्यासारखं आहे. डाळिंब किंवा पेरूच्या पेन्सिलीएवढ्या फांदीची साल बोटाच्या पेराइतकी गोल काढायची, ओलं शेवाळ बांधायचं, वर प्लॅस्टिक घट्ट गुंडाळायचं. पावसाच्या सुरुवातीला केलं तर दीड-दोन महिन्यांत आतून मुळं दिसू लागतात.

विकत आणलेल्या कलमाबद्दल पुस्तकं एक गोष्ट पुरेशा मोठ्या अक्षरांत लिहीत नाहीत: जोडाच्या खालून येणारी फूट दिसेल तेव्हा काढा. ती खुंटाची, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याची असते. लोक ती जोमदार म्हणून जपतात आणि वरचं चांगलं कलम मरून जातं.

आजोबांच्या कपाटात बागकामाची जुनी पुस्तकं सापडली. वापरावीत का?

जपून ठेवा आणि वाचा. मशागत, आळी, वाफे, कलमं, बियाणं राखणं या बाबतींत जुने लोक फार तपशिलानं लिहीत. पण औषधांचं प्रकरण सरळ दुमडून ठेवा. १९६०-७० च्या दशकांतल्या पुस्तकांत बीएचसी भुकटी आणि डीडीटी भाजीवर मारायला सांगितलेलं सर्रास आढळतं. डीडीटीचा शेतीतला वापर १९८९ मध्ये बंद झाला, बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली. एंडोसल्फान २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं थांबलं. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर मारायला २००५ पासूनच मनाई आहे, तरी त्यानंतर छापलेल्या काही पुस्तिकांत ते नाव तसंच राहिलेलं दिसतं. घरात जुना डबा सापडला तर ‘पुस्तकात आहे’ म्हणून उघडू नका.

त्याऐवजी निंबोळी अर्क. पाच टक्क्यांचा अर्क म्हणजे लिटरला ५० ग्रॅम निंबोळी. कुटून रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, चिमूटभर साबण घाला, संध्याकाळी फवारा. मावा, तुडतुडे, पानं खाणाऱ्या लहान अळ्या यांवर घरच्या बागेत एवढं पुरतं. अर्क ताजाच वापरा.

सेंद्रिय आणि नैसर्गिक शेतीवर इतकी पुस्तकं आहेत आणि एकमेकांशी भांडतात. कुठून सुरुवात करू?

प्रत्येक पुस्तक कुठल्या जमिनीवर उभं राहून लिहिलं आहे ते बघितलं की भांडण बरंच निवळतं.

इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९०५ मध्ये भारतात आले आणि १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला होते. शेतातला कचरा, शेण आणि माती यांचे थर देऊन, ढीग ठरावीक वेळानं पलटून खत करण्याची पद्धत तिथे बसवली गेली, म्हणून ती इंदूर पद्धत. १९३१ मध्ये त्यावर निघालेल्या पुस्तकाचे सहलेखक यशवंत वाड होते, हे नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही याचं मला वाईट वाटतं. कंपोस्ट शिकायचं तर आजही हाच पाया.

जपानचे मासानोबू फुकुओका यांचं ‘वन-स्ट्रॉ रिव्होल्यूशन’ १९७५ मध्ये जपानीत आणि १९७८ मध्ये इंग्रजीत आलं. नांगरट नाही, छाटणी नाही, खत नाही असं ते सांगतं आणि वाचून माणूस भारावतो. पण त्यातली एक हकिगत सावकाश वाचा: छाटणी केलेली वडिलांची संत्र्यांची बाग त्यांनी एकदम निसर्गावर सोडली, तेव्हा फांद्या एकमेकींत गुंतल्या, कीड पडली आणि झाडं मेली. लहानपणापासून मोकळं वाढलेलं झाड वेगळं आणि वर्षानुवर्षं कापलेलं झाड वेगळं, हा धडा त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. आपल्याकडे अनेक जण पुस्तक मिटून थेट कात्री फेकून देतात.

श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे शिक्षक, शेतकऱ्यांनी स्वतः प्रयोग करून शिकायच्या ‘प्रयोग परिवारा’चे प्रणेते. द्राक्ष बागायतदारांना पान, ऊन, मुळी यांचा हिशेब मांडायला त्यांनी शिकवलं, आणि दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचा निर्वाह कसा होईल याचा विचार मांडला. शहरातल्या गच्चीवर पालापाचोळा आणि उसाच्या चिपाडावर भाजी पिकवणाऱ्या अनेकांची वाट त्यांच्याकडूनच आली आहे. त्यांचं लेखन एका दमात वाचायचं नाही. एक पान वाचावं, बागेत जाऊन पान मोजावं, मग पुढचं उघडावं.

नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांच्या जीवामृताच्या, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या द्रवाच्या कृतीबद्दल फक्त प्रमाणाची आठवण: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर माती हे प्रमाण एका एकराचं आहे. दहा कुंड्यांना पिंपभर करू नका. बादलीभरही जास्त होईल.

संस्कृतातले वृक्षायुर्वेद, म्हणजे झाडांच्या निगेवरचे जुने ग्रंथ, आज उपयोगी आहेत का?

अभ्यासासाठी नक्की. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदाची पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होती. १९९६ मध्ये तिचा डॉ. नलिनी साधले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आला आणि कुणपजल नावाचं द्रवखत पुन्हा चर्चेत आलं. त्यातलं आंबवलेल्या द्रवखताचं तत्त्व पटण्यासारखं आहे. पण मूळ कृतीत मांस, चरबी, मज्जा असते, त्यामुळे सोसायटीच्या गच्चीवर तिचा विचार करू नका.

गच्चीवरच्या बागेची पुस्तकं सगळं सांगतात का?

वजनाबद्दल फार कमी सांगतात, आणि मला ही गंभीर उणीव वाटते. ओली माती घनमीटरला दीड-दोन टन भरते. फूटभर जाडीचा ओल्या मातीचा थर चौरस मीटरला अर्ध्या टनाच्या घरात जातो. ये-जा असलेल्या गच्चीचा स्लॅब भारतीय मानकानुसार साधारण चौरस मीटरला १५० किलो वापरभार धरून आखतात. म्हणून सलग वाफे करण्याआधी इंजिनिअरला विचारा, मोठी पिंपं तुळया आणि खांबांच्या वर ठेवा, आणि मातीत पालापाचोळा, कंपोस्ट, धुतलेला कोकोपीट यांचं प्रमाण वाढवा. कोकोपीट न धुता वापरला तर त्यातल्या क्षारांनी रोपांची टोकं करपतात.

सगळं व्हिडिओत बघायला मिळतं. पुस्तक कशाला?

कलम, छाटणी, कुंडी भरणं हे व्हिडिओत बघाच. पण पानावर डाग दिसला तर व्हिडिओत तो शोधायचा कसा? पुस्तकात सूची असते. आणि पुस्तकाच्या समासात ‘इथे १५ जुलैला पेरलं, सगळं कुजलं’ असं लिहिता येतं. दोन वर्षांत त्या नोंदींनी भरलेलं पुस्तक तुमच्या गल्लीपुरतं सगळ्यात विश्वासाचं होतं.

आम्ही अमेरिकेत राहतो. कारली, भेंडी, अळू लावायचे आहेत. मराठी पुस्तक चालेल?

भाजी ओळखायला आणि वेलाची निगा समजायला चालेल, तारखांना नाही. तिथे तुमच्या राज्याच्या विद्यापीठाची विस्तार सेवा जी पत्रकं काढते ती घ्या. हिमाच्या तारखा तिथेच बरोबर मिळतात. अमेरिकी कृषी खात्याच्या नकाशावरचा झोन फक्त हिवाळ्यातल्या सगळ्यात कमी तापमानाची सरासरी सांगतो. उन्हाळा किती लांब, किती तापतो ते तो सांगत नाही, आणि कारल्याला नेमकं तेच हवं असतं. कारली आणि भेंडी घरात रुजवून हिमाची भीती संपल्यावर, माती गरम झाल्यावर बाहेर लावा. अळूचे कंद पहिल्या हिमाआधी काढून कोरडे ठेवा. कढीपत्ता कुंडीतच बरा, हिवाळ्यात आत घेता येतो.

मुलांसाठी?

चित्रांचं कुठलंही चालेल, पण त्यासोबत मुळ्याचं किंवा मेथीचं बी हातात द्या. दोन्ही चार-पाच दिवसांत उगवतात.

ही पुस्तकं मिळतात कुठे?

विद्यापीठांच्या विक्री केंद्रांत, जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रात आणि कृषी प्रदर्शनांतल्या स्टॉलवर. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत फुलांचं प्रदर्शन भरतं. तिथे बघायला, विचारायला जाण्यासारखं आहे. कृषी खात्याचं ‘शेतकरी’ मासिक वर्गणीनं मिळतं. मराठी विश्वकोशातल्या आंबा, केळी, डाळिंब अशा नोंदी इंटरनेटवर फुकट वाचता येतात. त्यांतले आकडे जुने असले तरी झाडाची ओळख फार नेटकी आहे. आणि गावच्या सार्वजनिक वाचनालयात शेतीच्या कपाटाची किल्ली मागा. ते कपाट सहसा शेवटचं आणि सगळ्यात कमी उघडलेलं असतं.

पुस्तकातलं वाण दुकानात मिळत नाही. काय करू?

नाव सोडा, ते वाण का सुचवलं होतं ते बघा. जुन्या पुस्तकांत भेंडीसाठी ‘पुसा सावनी’ असतं. ते आलं तेव्हा केवड्याला, म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या करणाऱ्या विषाणूला, दाद देत नव्हतं. पुढे ते स्वतःच बळी पडू लागलं आणि ‘परभणी क्रांती’, ‘अर्का अनामिका’ अशी वाणं आली. तेव्हा दुकानदाराला ‘पुसा सावनी आहे का’ असं न विचारता ‘पावसाळ्यात केवडा न येणारी भेंडी कोणती’ असं विचारा. फुलकोबीला विचारायचं ते लवकरची की उशिराची. उशिराचं वाण सप्टेंबरच्या उकाड्यात लावलं तर नुसती पानं वाढतात आणि लवकरचं वाण थंडीत लावलं तर बटणाएवढा गड्डा धरून थांबतं.

वाल, घेवडा, दोडका, भोपळा यांची गावरान बी मिळत असेल तर ती आधी घ्या. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी अशी बी जपली, वाटली, आणि त्यांच्या कामाला पद्मश्री मिळाली. गावरान बी पुढच्या वर्षी स्वतः धरता येते. संकरित बी धरली तर पुढची पिढी तशीच निघत नाही. पाकिटावर ‘एफ-१’ लिहिलेलं असेल तर ते संकरित समजा. कोणतंही पाकीट फोडलं की त्यावरची उगवणशक्तीची मुदत बघा आणि रिकामं पाकीट वाफ्याशेजारी काठीला अडकवून ठेवा.